शब्दांचा अर्थ आणि अर्थाचा व्यवहार

'अर्थ' हा शब्द मराठीत दोन घरी नांदतो. शब्दाच्या पोटी असतो तो अर्थ आणि तिजोरीत असतो तोही अर्थच. बँकेच्या व्यवहारात हे दोन्ही अर्थ परस्परांशी बांधलेले असतात. पहिला चुकला की दुसऱ्याला तोशीस लागते. म्हणूनच सारख्या उच्चाराच्या इंग्रजी शब्दांतील भेद ओळखणे हा केवळ शाळेच्या व्याकरणाचा विषय राहत नाही. तो ग्राहकाच्या हिताचा विषय ठरतो.

याची प्रचिती घ्यायची तर मध्य प्रदेशातील बरगीसारखे समर्पक ठिकाण क्वचितच सापडेल. जबलपूरहून नागपूरकडे येणाऱ्या रस्त्यावरचे हे गाव नर्मदेवरील धरणामुळे सर्वपरिचित झाले. १९७४ मध्ये आरंभ झालेले हे धरण १९९० मध्ये पूर्णत्वास गेले. जलाशयास राणी अवंतीबाई लोधी सागर असे नाव मिळाले आणि मंडला, सिवनी व जबलपूर या तीन जिल्ह्यांतील १६२ गावांना त्याची झळ पोहोचली. या धरणाचे कालवे दोन. एक जबलपूर व नरसिंहपूरच्या शेतीकडे वळतो, तर दुसरा कटनी, सतना आणि रीवा या दिशेला जातो. सरकारी कागदपत्रांत पहिल्याला 'लेफ्ट बँक कॅनॉल' आणि दुसऱ्याला 'राइट बँक कॅनॉल' म्हणतात.

या नावांतील 'बँक' म्हणजे नदीचा काठ. प्रवाहाच्या दिशेने तोंड करून उभे राहिले असता डाव्या हाताला येतो तो डावा काठ, उजव्या हाताला येतो तो उजवा. पैशाची बँक मात्र इटालियन भाषेतील बाकावरून आली, कारण तेथील सराफ बाकावर बसून नाण्यांची देवघेव करीत. दोन्हींचे स्पेलिंग एक, उच्चारही एकच. तरीही कालव्याचे पाणी मागण्यासाठी कोणी बँकेच्या खिडकीशी उभे राहत नाही आणि पीककर्जासाठी कोणी नदीच्या काठावर जाऊन बसत नाही. येथे शब्दकोश न उघडताही घोटाळा टळतो, कारण ऐकणारा शब्दाच्या ध्वनीबरोबरच तो शब्द त्या वाक्यात कोणते काम करीत आहे, हेही पाहत असतो. सारख्या शब्दांतील भेद ओळखण्याची खरी किल्ली हीच होय.

तीन भाषांच्या वाटेवर

बरगीच्या परिसरात मराठी भाषा परकी नाही. अठराव्या शतकाच्या अखेरीपासून १८१७ पर्यंत जबलपूरचा मुलूख नागपूरकर भोसल्यांच्या अमलाखाली होता. पुढे १८६१ मध्ये मध्य प्रांताची स्थापना झाली व नागपूर त्याची राजधानी बनले. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचना होईपर्यंत जबलपूर आणि नागपूर ही शहरे एकाच राज्यात नांदत होती आणि त्या राज्याचा कारभार हिंदी व मराठी या दोन्ही भाषांना ओळखत होता. जबलपुरातील मराठी वस्ती म्हणूनच जुनी आहे.

गावाच्या नावातही सारख्या ध्वनीची एक गंमत आहे. याच भोसल्यांच्या घोडदळाने १७४० नंतरच्या दशकात बंगालवर स्वाऱ्या केल्या, तेव्हा तेथील लोकांनी त्या स्वारांना 'बर्गी' म्हटले. तो शब्द 'बारगीर' यावरून आला. ज्याला घोडा व हत्यार सरकारातून मिळे तो बारगीर, ज्याचा घोडा स्वतःचा तो शिलेदार. बरगी आणि बर्गी यांत कानाला जेमतेम अर्ध्या अक्षराचे अंतर. परंतु एवढ्यावरून दोहोंचे नाते जोडणे हे इतिहासाला धरून होणार नाही. ध्वनी जुळला म्हणजे कूळ जुळले असे नसते.

अशा प्रदेशात राहणारा मराठी माणूस घरी मराठी बोलतो, बाजारात हिंदी बोलतो आणि बँकेत त्याच्यासमोर इंग्रजी कागद येतो. सारख्या दिसणाऱ्या शब्दांचा चकवा त्याला इंग्रजीच्या आधीच भेटलेला असतो. 'शिक्षा ऋण' ही हिंदी पाटी प्रथम वाचणाऱ्या मराठी माणसाच्या मनात दंडाची कल्पना आल्यावाचून राहत नाही. वस्तुतः ते शैक्षणिक कर्ज असते. महाराष्ट्रात 'राजीनामा' दिला म्हणजे नोकरी सोडली. हिंदी प्रदेशातील कचेरीत 'राजीनामा' झाला म्हणजे उभय पक्षांत तडजोड झाली.

याहून गंभीर उदाहरण जमिनीचे आहे. दुष्काळात सरकार एखाद्याची विहीर ठरावीक मुदतीसाठी ताब्यात घेते, त्यास मराठीत 'अधिग्रहण' म्हणतात. मुदत संपली की विहीर मालकाची. जमीन कायमची घेतली जाते तेव्हा मराठी कागद 'भूसंपादन' म्हणतो. हिंदीत मात्र जमीन कायमची जाते त्यालाच 'भूमि अधिग्रहण' असे नाव आहे आणि 'संपादन' हे ग्रंथाचे वा वृत्तपत्राचे असते. इंग्रजीत हाच भेद 'अ‍ॅक्विझिशन' व 'रिक्विझिशन' या जुळ्या वाटणाऱ्या शब्दांनी होतो. पहिल्यात मालकी जाते, दुसऱ्यात वापर तेवढा जातो. त्यातून हाच 'रिक्विझिशन' शब्द चेकबुकात जोडलेल्या मागणीपत्रावरही छापलेला असतो आणि तेथे त्याचा अर्थ नवे चेकबुक मागणे एवढाच. धरणासाठी जमीन गेलेल्या टापूत या शब्दांतील फरक कळणे किती मोलाचे आहे, हे वेगळे सांगावयास नको.

दोष कोणाचा?

असे घोटाळे झाले की त्याचे खापर बहुधा ग्राहकाच्या 'कच्च्या इंग्रजी'वर फोडले जाते. हे न्याय्य नाही. इंग्रजीचे स्पेलिंग छपाईच्या काळात गोठले आणि उच्चार मात्र पुढे बदलत राहिले. १०६६ नंतर इंग्लंडवर नॉर्मन राज्यकर्ते आले, त्यांच्याबरोबर फ्रेंच शब्दांचा मोठा ओघ कायद्याच्या भाषेत शिरला. त्यामुळे इंग्रजीत एकाच ध्वनीचे दोन-दोन, तीन-तीन वारस निर्माण झाले. ज्यांची मातृभाषा इंग्रजी आहे, तेही या जोड्यांपाशी अडखळतात.

दुसरे कारण ध्वनींच्या चाळणीत आहे. मराठी माणूस इंग्रजी शब्द आपल्या ध्वनींतून गाळून घेतो. इंग्रजीत 'व्ही' व 'डब्ल्यू' ही दोन वेगळी व्यंजने असून मराठीत दोहोंसाठी एकच 'व' आहे. परिणामी 'वेस्ट' असे देवनागरीत लिहिले तर त्यात चार इंग्रजी शब्द मावतात. पश्चिम दिशा, अंगातील बंडी, कंबर आणि वाया गेलेली वस्तू. शेतीच्या कागदात 'वेस्ट लँड' असे ऐकू आले तर ती पश्चिमेकडील जमीन नसून पडीक जमीन होय. एकदा ती पडीक म्हणून नोंदली गेली की तिच्यावर मिळणाऱ्या कर्जाचा विचारही निराळा होतो.

याबाबतीत मराठी लिपीची एक बाजू मात्र भक्कम आहे. अर्धचंद्राच्या चिन्हामुळे 'पॅन' व 'पेन', 'लॉन' व 'लोन' हे भेद मराठी डोळ्याला स्पष्ट दिसतात. हिंदीत 'बँक' हा शब्द 'बैंक' असा आणि 'पॅन' हा 'पैन' असा लिहिला जातो, म्हणून बरगीतील मराठी वाचकाला पाटी वाचताना क्षणभर थांबावे लागते. अर्थात हा अडसर सवयीने दूर होतो.

शिवाय असे भेद पाळण्याची मराठी माणसाला उपजत सवय आहे. 'दिन' म्हणजे दिवस आणि 'दीन' म्हणजे गरीब, 'सुत' म्हणजे मुलगा आणि 'सूत' म्हणजे धागा, हे तो शाळेत शिकतो. बोलताना ऱ्हस्व-दीर्घाचा फरक पुसट झाला तरी 'दीनांची सेवा' ऐकून कोणी दिवसांची सेवा करीत नाही. हीच सवय इंग्रजी शब्दांपर्यंत नेणे, एवढेच काम उरते.

खिडकीवर भेटणारे जुळे शब्द

बँकेच्या रोजच्या कामकाजातील काही जोड्या या दृष्टीने पाहण्यासारख्या आहेत.

'प्रिन्सिपल' हा शब्द प्रथम घेऊ. शेवटी 'पी-एल-ई' असेल तर तो 'तत्त्व' या अर्थाचा. शेवटी 'पी-ए-एल' असेल तर 'मुख्य' या अर्थाचा. महाविद्यालयातील मुख्य म्हणजे प्राचार्य आणि कर्जातील मुख्य रक्कम म्हणजे मुद्दल. कर्जखात्याच्या उताऱ्यात मुद्दलाकडे किती जमा झाले व व्याजाकडे किती, हे निरनिराळे दाखविलेले असते. दीर्घ मुदतीच्या कर्जात प्रारंभीच्या हप्त्यांतील मोठा भाग व्याजाकडे जातो आणि मुद्दल सावकाश उतरते. 'इतके हप्ते भरूनही कर्ज तेवढेच कसे?' हा प्रश्न पुष्कळदा या एका शब्दाशी येऊन थांबतो.

दुसरी जोडी 'लोन' आणि 'लीन'. दुसऱ्याचा उच्चार कोणी 'लिएन' असाही करतात. त्याचे मूळ बंधन या अर्थाच्या फ्रेंच शब्दात आहे आणि ते मूळ ध्यानी ठेवले की अर्थही ध्यानी राहतो. खात्यातील काही रकमेवर लीन लावले, याचा अर्थ ती रक्कम ग्राहकाचीच आहे, परंतु ती तूर्त बांधून ठेवलेली असल्याने काढता येत नाही. मुदतठेवीवर कर्ज घेतले की त्या ठेवीवर लीन येते. शेअरच्या प्रारंभिक विक्रीत अर्ज केला की वाटप होईपर्यंत तेवढी रक्कम खात्यातच राखून ठेवली जाते. मोबाइलवर 'लीन' असा संदेश आला आणि तो 'लोन' असा वाचला गेला, तर न घेतलेल्या कर्जाची धास्ती माणसाला लागते. याच्या उलटही घडू शकते. लीन म्हणजे शिल्लकच, असे समजून चेक दिला गेला तर तो वटत नाही.

'काउंटरफॉइल' आणि 'काउंटरफिट' यांचे पूर्वार्ध सारखे आहेत, भवितव्य मात्र भिन्न. पैसे भरल्याच्या चिठ्ठीचा शिक्का मारलेला अर्धा भाग म्हणजे काउंटरफॉइल. तो ग्राहकाचा पुरावा असल्याने जपून ठेवावयाचा. काउंटरफिट म्हणजे बनावट. अशी नोट खिडकीवर आढळली तर रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार ती जप्त होते, तिच्यावर तसा शिक्का बसतो आणि ग्राहकास पोच मिळते. नोट परत मिळत नाही व तिची रक्कमही खात्यात जमा होत नाही.

'सब्सिडी' म्हणजे सरकारने दिलेले अनुदान, तर 'सब्सिडिअरी' म्हणजे एखाद्या संस्थेची उपकंपनी. बँकेच्या सब्सिडिअरीने देऊ केलेली विमा वा गुंतवणुकीची योजना म्हणजे सरकारी सब्सिडीची योजना नव्हे. या दोहोंची गल्लत झाली तर सवलतीच्या आशेने भलत्याच कागदावर सही होण्याचा संभव असतो.

आता 'पिन'. टपाल खात्याने १५ ऑगस्ट १९७२ पासून सुरू केलेला सहा आकडी पिन कोड पत्त्याबरोबर कोणालाही सांगावयाचा असतो. एटीएमचा व यूपीआयचा पिन कोणालाही, बँकेच्या कर्मचाऱ्यालासुद्धा, सांगावयाचा नसतो. नाव एक आणि स्वभाव नेमके विरुद्ध. आधी पत्ता विचारून, बोलण्याच्या ओघात 'आता पिन सांगा' म्हणणारा फसवणूक करणारा याच साम्याचा लाभ उठवतो. येथेही तोच निकष उपयोगी पडतो. विचारलेला पिन कोणते काम करतो? पत्र पोहोचवतो की पैसे काढतो? पैसे स्वीकारण्यासाठी पिन घालावा लागत नाही, एवढे एक वाक्य पाठ असले तरी पुष्कळ अनर्थ टळतील.

देणारा कोण, घेणारा कोण?

कायद्याच्या इंग्रजीत 'अर' व 'ई' या दोन प्रत्ययांनी माणसांच्या जोड्या बनतात. हीही नॉर्मन फ्रेंचचीच देणगी. साधारण नियम असा की 'अर'कारान्त मनुष्य कृती करतो आणि 'ई'कारान्त मनुष्याकडे ती कृती येऊन पोहोचते. 'पेअर' पैसे देतो, 'पेई'ला ते मिळतात. 'लेसर' मालमत्ता भाडेपट्ट्याने देतो, 'लेसी' ती घेतो. घर गहाण ठेवून कर्ज घेणाऱ्याला वाटते की मोठी असामी म्हणून बँक 'मॉर्गेजर' असावी. वस्तुतः गहाण देणारा कर्जदार हा 'मॉर्गेजर' आणि गहाण घेणारी बँक ही 'मॉर्गेजी' होय.

चेकच्या बाबतीत 'ड्रॉवर' म्हणजे चेक काढणारा खातेदार आणि 'ड्रॉई' म्हणजे ज्या बँकेवर तो काढला ती बँक. पराक्राम्य संलेख अधिनियम, १८८१ यात या व्याख्या दिलेल्या आहेत. चेक न वटल्यास त्याच कायद्याच्या कलम १३८ खाली जबाबदारी येते ती ड्रॉवरवर. परत आलेल्या चेकसोबतच्या चिठ्ठीवर 'रेफर टू ड्रॉवर' असे लिहिलेले असते, तेव्हा टेबलाचा खण धुंडाळण्यात अर्थ नसतो. चेक देणाऱ्याकडे विचारणा करा, असा त्याचा आशय असतो.

मात्र हा प्रत्ययांचा नियमही डोळे मिटून चालविता येत नाही. 'गॅरंटी' या शब्दाच्या अंती 'ई' ऐकू येते, पण ती व्यक्ती नसून हमी आहे. हमी देणारा तो 'गॅरंटर', म्हणजे जामीनदार. भारतीय करार अधिनियम, १८७२ च्या कलम १२८ नुसार, करारात अन्यथा ठरले नसेल तर जामीनदाराची जबाबदारी मुख्य ऋणकोच्या जबाबदारीइतकीच असते. स्नेह्याच्या आग्रहाखातर 'नुसती गॅरंटीची सही' करणारा माणूस पुष्कळदा स्वतःला साक्षीदार समजत असतो. साक्षीदार सही पाहिल्याची साक्ष देतो, जामीनदार कर्ज फेडण्याची हमी देतो. दोघांच्या सह्या एकाच कागदावर शेजारी शेजारी असू शकतात. परंतु कर्ज थकले की नोटीस येते ती जामीनदाराच्या दारी.

'नॉमिनी'विषयीही असाच समज रूढ आहे. ठेवीदाराच्या पश्चात बँकेकडून रक्कम स्वीकारण्याचा अधिकार नॉमिनीला असतो आणि त्याला रक्कम दिली की बँक आपल्या जबाबदारीतून मोकळी होते. परंतु तेवढ्याने वारसांचा हक्क नाहीसा होत नाही. नामनिर्देशन झाले म्हणजे वाटणी झाली, असा समज करून घेतल्याने भावाभावांत वितुष्ट येते. येथेही मूळ प्रश्न एकाच शब्दाचा असतो.

अक्षरी रकमेचे महत्त्व

आकड्यांच्या नावांतील साम्य तर थेट खिशाला भिडते. 'फिफ्टीन' व 'फिफ्टी', 'थर्टीन' व 'थर्टी' हे शब्द दूरध्वनीवर वा गर्दीत ऐकताना कोणाचाही कान फसू शकतो. पंधरा आणि पन्नास यांत मराठी कानाला असा घोटाळा कधी होत नाही. चेकवर रक्कम आकड्यांत व अक्षरांत अशी दोनदा लिहावी लागते, ती याचसाठी. १८८१ च्या उपरोक्त कायद्याचे कलम १८ असे सांगते की आकडी व अक्षरी रकमेत तफावत असेल तर अक्षरी रक्कम ग्राह्य मानावी. आकड्यांत १५,००० आणि अक्षरांत 'फिफ्टी थाउजंड' असे लिहिले गेले, तर कायद्याचे वजन पन्नास हजारांच्या पारड्यात पडते. प्रत्यक्षात असा चेक बँका बहुधा न वटवता परत पाठवतात. सीटीएस पद्धतीत चेकवर तारखेच्या पुनर्वैधतेखेरीज अन्य खाडाखोड चालत नसल्याने नवा चेक लिहिण्यावाचून गत्यंतर नसते.

म्हणून इंग्रजी अक्षरी रकमेची खात्री नसेल तर ती इंग्रजीत लिहिण्याचा अट्टहास धरू नये. चेक हिंदीत, इंग्रजीत अथवा त्या प्रदेशाच्या भाषेत लिहिण्याची मुभा रिझर्व्ह बँकेने ग्राहकाला दिलेली आहे. महाराष्ट्रात 'पंधरा हजार' आणि बरगीत 'पंद्रह हज़ार' असे लिहिलेला चेक इंग्रजी चेकइतकाच सन्माननीय आहे.

दोन टोकांमधील मार्ग

या प्रश्नावर दोन उपाय सुचविले जातात. पहिला, ग्राहकाने आधी इंग्रजी सुधारावे. दुसरा, इंग्रजी शब्द समूळ हद्दपार करावेत. दोन्ही उपाय अपुरे आहेत. शेतीवर वा मजुरीवर संसार चालविणाऱ्या माणसाने जुळ्या स्पेलिंगांच्या याद्या घोकाव्यात आणि मगच खाते उघडावे, ही अपेक्षा बँकेच्या ध्येयाशी विसंगत आहे. दुसरीकडे, नुसत्या भाषांतरानेही काम भागत नाही. चेकला 'धनादेश' आणि डिमांड ड्राफ्टला 'धनाकर्ष' असे प्रतिशब्द आहेत. ते जाणत्याला सुबोध वाटले तरी प्रथम ऐकणाऱ्याला तेही जुळेच भासतात. याउलट 'ऋणको' आणि 'धनको' ही जोडी पाहावी. ध्वनी सारखा असूनही ज्याच्या शिरी ऋण तो ऋणको, ज्याचे धन तो धनको, हे शब्द स्वतःच सांगतात. उत्तम प्रतिशब्दाचे लक्षण हेच की तो आपले काम उघडपणे दाखवितो.

यावरून मार्ग निघतो. इंग्रजी शब्द राहावा, कारण कागदावर व मोबाइलवर तोच येणार आहे. परंतु त्याला लागून त्याचे काम सांगणारे एक साधे वाक्य ग्राहकाच्या भाषेत असावे. 'लीन : ही रक्कम आपली आहे, पण तूर्त काढता येणार नाही.' 'गॅरंटर : कर्जदाराने न फेडल्यास फेडणारा.' एवढ्या ओळींना फार जागा लागत नाही. खिडकीवरील कर्मचाऱ्यानेही 'समजले का?' असे विचारण्यापेक्षा 'यात पैसे कोणी कोणाला द्यावयाचे?' असे विचारावे. पहिल्या प्रश्नाला संकोचापोटी होकार मिळतो, दुसऱ्याला समजून घेतल्याशिवाय उत्तर देता येत नाही.

नियमही आता याच दिशेने वळले आहेत. रिझर्व्ह बँकेच्या १५ एप्रिल २०२४ च्या परिपत्रकानुसार, १ ऑक्टोबर २०२४ पासून किरकोळ व सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योगांच्या नव्या मुदती कर्जांसाठी 'की फॅक्ट्स स्टेटमेंट', म्हणजे ठळक अटींचे विवरण, देणे बंधनकारक आहे. ते कर्जदाराला समजणाऱ्या भाषेत असावे, त्याला समजावून सांगावे आणि समजल्याची पोच घ्यावी, असा दंडक आहे. सात दिवस वा अधिक मुदतीच्या कर्जासाठी ते विवरण किमान तीन कामकाजाचे दिवस ग्राह्य राहते. याचा अर्थ, ते घरी नेऊन वाचण्यास, कोणाला विचारण्यास अवधी आहे. येथे 'प्रदेशाच्या भाषेत' असे न म्हणता 'समजणाऱ्या भाषेत' असे म्हटले आहे, हे विशेष होय. बरगीतील मराठी कर्जदाराला हिंदी नीट कळत नसेल तर मराठीतून समजावून मागण्याचा त्याचा आग्रह या दंडकाला धरूनच आहे.

मात्र दिलेल्या सवलतीचा उपयोग करून घेणे ग्राहकाच्या हाती आहे. शब्द अनोळखी वा संशयास्पद वाटला की त्याने तीन प्रश्न विचारावेत. यात देणारा कोण व घेणारा कोण? रक्कम किती व मुदत कोणती? आणि ठरल्याप्रमाणे घडले नाही तर काय होईल? ही तीन उत्तरे स्वतःच्या भाषेत सांगता आली तर शब्दाचे स्पेलिंग येवो न येवो, त्याचा अर्थ हाती आला असे समजावे. ती सांगता आली नाहीत तर लेखणी खाली ठेवावी.

प्रश्न विचारण्यात कमीपणा नाही आणि तो ऐकून घेण्यात बँकेचा वेळही वाया जात नाही. समजून केलेली सही व्यवहाराला बळ देते, तर न समजता केलेली सही उद्याच्या तक्रारीचे बीज ठरते. शब्दाचा अर्थ आधी, तिजोरीतला अर्थ नंतर, हा क्रम ग्राहक आणि बँक या दोघांनी पाळला तर इंग्रजीतील जुळे शब्द खुशाल जुळे राहोत, व्यवहारात त्यांची अदलाबदल होणार नाही.